ली, जेनी

(३ नोव्हेंबर १९०४ – १६ नोव्हेंबर १९८८). ब्रिटिश मजूर पक्षाच्या खासदार, ब्रिटनच्या पहिल्या कलामंत्री आणि तेथील मुक्त विद्यापीठाच्या प्रमुख शिल्पकार. जन्म स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यातील लॉखगेली या खाणगावात, खाणकामगाराच्या घरी. एडिंबरो विद्यापीठात एम.ए. आणि कायद्याच्या पदव्या घेऊन काही काळ त्यांनी शाळेत शिकवले.

मार्च १९२९ मधील पोटनिवडणुकीत नॉर्थ लॅनर्कमधून त्या निवडून आल्या, तेव्हा त्यांचे वय २४ होते. स्त्रियांना एकविसाव्या वर्षी मताधिकार देणारा कायदा आदल्या वर्षी झाला असला, तरी नव्या मतदार याद्या लागू व्हायच्या होत्या. म्हणजे मत देण्याचा हक्क मिळण्याआधीच त्या खासदार झाल्या. पहिल्याच भाषणात त्यांनी अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या अर्थसंकल्पावर हल्ला चढवला. १९३१ मध्ये त्या पराभूत झाल्या. पुढच्या वर्षी, मजूर पक्षाशी तोवर संलग्न असलेला स्वतंत्र मजूर पक्ष (इंडिपेंडंट लेबर पार्टी) त्यापासून वेगळा झाला, तेव्हा ली स्वतंत्र मजूर पक्षातच राहिल्या. त्यानंतर १९४५ मध्ये मजूर पक्षातर्फे कॅनॉकमधून विजयी होईपर्यंत त्या संसदेबाहेरच होत्या. १९३४ मध्ये त्यांचा विवाह अन्युरिन बेव्हन यांच्याशी झाला. राष्ट्रीय आरोग्य सेवा उभारणाऱ्या या नेत्याच्या सावलीत ली यांचे स्वतःचे कर्तृत्व बराच काळ झाकले गेले.

बेव्हन १९६० मध्ये वारले. चार वर्षांनी पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी ली यांना सरकारात घेतले. त्या आधी संसदीय उपसचिव व १९६७ पासून राज्यमंत्री होत्या. मंत्रिमंडळात त्यांना कधीच स्थान मिळाले नाही. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांनी कलांविषयीची पहिली सरकारी श्वेतपत्रिका मांडली. त्यांच्या कारकिर्दीत कला परिषदेचे अनुदान सुमारे तिप्पट झाले.

त्यांचे मोठे काम मात्र विद्यापीठाचे. रेडिओ-दूरचित्रवाणीवरून शिकवण्याची कल्पना विल्सन यांनी १९६३ मध्ये मांडली होती. शिक्षण खात्यात ती फारशी कोणाला पटत नव्हती. ली यांनी सल्लागार समितीचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले आणि एका मुद्द्यावर जराही माघार घेतली नाही : प्रवेशाला शैक्षणिक पात्रतेची अट नको, पण पदवीचा दर्जा इतर विद्यापीठांच्या तोडीचाच हवा. गरिबांसाठी दुय्यम शिक्षण ही सोय त्यांना मान्यच नव्हती. खाणगावातून विद्यापीठापर्यंत गेलेल्या बाईंचा हा आग्रह होता. घरपोच पाठ्यसाहित्य, बीबीसीचे कार्यक्रम, अभ्यासकेंद्रे आणि उन्हाळी निवासी वर्ग अशी रचना ठरली. १९६९ मध्ये राजसनद मिळाली.

१९७० च्या निवडणुकीत कॅनॉकची जागा गेली, सत्ताही गेली. हुजूर पक्षातील अनेकांचा या योजनेला विरोध होता; तरी नव्या शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी ती चालू ठेवली. जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २५,००० विद्यार्थ्यांचा अभ्यास सुरू झाला. ली यांना उमरावपद मिळाले व त्या लॉर्डांच्या सभागृहात बसू लागल्या.

या विद्यापीठाचा नमुना पुढे अनेक देशांनी अभ्यासला. भारतात हैदराबाद (१९८२) आणि दिल्ली (१९८५) यांच्यापाठोपाठ नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद.