सायकल नुसत्या फिरत्या चाकामुळं उभी राहत नाही, आणि खाजकुयली म्हणजे नुसता पाला नव्हे

खानापूरकडं आमच्या नात्यातले एक आप्पा आहेत, कंपवात (पार्किन्सन) होऊन सात-आठ वर्षं झाली. उंबरा आला की पाय जमिनीला चिकटल्यागत होतात, पण सायकलवर बसवलं की सरळ देवळापर्यंत जाऊन येतात बघा! गाव म्हणतं देवाची करणी. 2010 साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी अशाच एका 58 वर्षांच्या पेशंटची केस छापली होती, चालताना अडायचा पण सायकल मस्त चालवायचा. पेडलच पायाला ताल देत असणार, असा एक अंदाज.

बरं, सायकल पडत का नाही? शाळेत सांगायचे की चाक भोवऱ्यासारखं फिरतं म्हणून. डेव्हिड जोन्स नावाच्या माणसानं 1970 मध्ये पुढच्या चाकाशेजारी दुसरं चाक लावून उलटं फिरवलं, म्हणजे भोवऱ्याचा परिणाम जवळजवळ कटाप, तरी गडी आरामात चालवत गेला. (हात सोडून मात्र जमेना, म्हणजे भोवरा अगदीच बिनकामाचा नाही.) खरी गंमत हँडलची आहे, सायकल डावीकडं कलली की हँडल पण डावीकडं वळतं आणि चाकं कललेल्या वजनाखाली येतात, तळहातावर काठी उभी धरताना आपण हात सरकवतो ना, तसंच. वेग गेला की हा खेळ संपला, पाय टेकावाच लागतो.

आता औषध. आप्पांना कुणीतरी खाजकुयलीच्या बियांची पूड दिली, आपल्याकडं कन्नड लोक नसुगुन्नी म्हणतात ती. थोतांड म्हणून उडवून लावायची सोय नाही, कारण त्या बियांत लेव्होडोपा असतं आणि डॉक्टरांच्या गोळीत पण तेच. कंपवातात मेंदूतल्या डोपामिन (हालचालीला लागणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, डोपामिन थेट दिलं तर रक्तातून मेंदूत शिरत नाही, लेव्होडोपा शिरतं आणि आत जाऊन डोपामिन होतं. गोळीत कार्बिडोपा पण असतं, म्हणजे लेव्होडोपा वाटेतच खर्ची पडू नये. पुडीत कार्बिडोपा नाही, आणि कुठल्या बीत किती लेव्होडोपा ते पण सारखं नसतं. मरणाऱ्या पेशी मात्र दोन्हीनं वाचत नाहीत.

आप्पा गोळी पण घ्यायचे, पूड पण. डबल डोस झाला, उलट्या सुरू, हातपाय आपोआप वळवळायला लागले, तेव्हा कुठं डॉक्टरांना पुडीचं सांगितलं!

आता फक्त गोळी, आणि सायंकाळी सायकल. उतरताना नातू कॅरिअर धरायला पळतो.