चिलेन्तो किनारा

चिलेन्तो किनारा : दक्षिण इटलीतील काम्पानिया प्रदेशात, सालेर्नो आणि पोलिकास्त्रो या दोन आखातांच्या दरम्यान असलेला तिऱ्हेनियन समुद्राचा किनारा. उत्तरेस आग्रोपोली व दक्षिणेस साप्री ही गावे त्याची सर्वसाधारण टोके मानली जातात आणि त्यांच्यामधली किनारपट्टी सुमारे १०० किमी. भरते. स्वच्छ पाणी, विरळ वस्ती आणि स्थानिक शेती व मासेमारीवर उभी असलेली खाद्यसंस्कृती यांसाठी हा भाग ओळखला जातो. याच काम्पानियातील आमाल्फीचा किनारा जगभरच्या पर्यटकांनी गजबजलेला असतो. चिलेन्तोत मात्र बाहेरचे लोक कमी आणि उन्हाळी सुटीसाठी आलेली इटालियन कुटुंबेच अधिक दिसतात.

भूरचनेच्या दृष्टीने किनाऱ्याचे दोन भाग पडतात. उत्तरेकडील टेकड्या वालुकाश्म आणि चिकणमातीच्या थरांच्या असून त्यांच्या पायथ्याशी लांब, सोनेरी वाळूच्या पुळणी आहेत. दक्षिणेस पालिनूरोपासून चुनखडीचे उभे कडे सुरू होतात. त्यांत समुद्राने असंख्य गुहा कोरल्या आहेत आणि कड्यांच्या कुशीत लहान, पांढऱ्या गोट्यांच्या खाड्या दडल्या आहेत. कामेरोताजवळच्या काही गुहांत निअँडरथल मानवाच्या वास्तव्याच्या खुणा सापडल्या आहेत. किनाऱ्यामागे लगेच डोंगर चढू लागतात. त्यांतील चेर्वाती हे सर्वोच्च शिखर सुमारे १,९०० मी. उंच आहे.

हा किनारा राखला गेला यामागची कारणे समजून घेतल्याशिवाय त्याचे वेगळेपण कळत नाही, कारण यात निसर्गाच्या कृपेपेक्षा इतिहासातील हलाखीचा वाटा मोठा आहे. किनाऱ्यालगतच्या सखल, दलदलीच्या जमिनीत शतकानुशतके हिवतापाचे थैमान होते. त्यात समुद्रमार्गे होणाऱ्या चाच्यांच्या धाडींची भर पडली. त्यामुळे लोक टेकड्यांवर राहायला गेले आणि किनाऱ्यावर टेहळणीचे बुरूज तेवढे उभे राहिले. पिशोत्ता, आशेआ, कामेरोता ही मूळ गावे आजही उंचावर आहेत आणि त्या प्रत्येकाच्या खाली समुद्रालगत ‘मारीना’ म्हणून ओळखली जाणारी नवी वस्ती आहे. पुढे गरिबीमुळे असंख्य कुटुंबे अमेरिकेस आणि इटलीच्या उत्तर भागात स्थलांतरित झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूमध्य समुद्राच्या इतर किनाऱ्यांवर हॉटेलांच्या भिंती उभ्या राहत होत्या, तेव्हा चिलेन्तोत पोहोचणारे रस्ते अवघड होते आणि गुंतवणूकदारांना तेथे फारसा रस नव्हता. १९९१ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. सुमारे १,८०,००० हेक्टरांचे हे उद्यान इटलीतील सर्वांत मोठ्या उद्यानांपैकी एक आहे. १९९८ मध्ये ते पेस्तुम व वेलिया ही पुरातत्त्वस्थळे आणि पादुला येथील मठ यांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. कास्तेल्लाबातेसमोरील व कामेरोताजवळील समुद्राला २००९ मध्ये सागरी संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला.

कायद्याच्या जोडीला स्थानिक लोकांचा आग्रहही महत्त्वाचा ठरला. पोल्लिका येथील नगराध्यक्ष आंजेलो वास्साल्लो हे मूळचे मच्छीमार. त्यांनी आच्चारोली बंदराची स्वच्छता, सांडपाण्याची व्यवस्था आणि बेकायदा बांधकामांना विरोध ही आपल्या कारभाराची ओळख बनवली. ५ सप्टेंबर २०१० रोजी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. आज पाहुण्यांना जे निर्मळ पाणी सहज मिळते, त्यासाठी येथील माणसांनी अशीही किंमत मोजलेली आहे, याचा उल्लेख या प्रदेशाच्या कोणत्याही वर्णनात व्हायला हवा.

पुळणींपैकी उत्तरेकडील पेस्तुम, कास्तेल्लाबाते आणि आशेआ येथील पुळणी रुंद, उथळ आणि लहान मुलांना सोयीच्या आहेत. कास्तेल्लाबातेच्या दक्षिणेस लिकोसा हे पाइन वृक्षांनी झाकलेले टोक आहे. ग्रीक पुराणकथेतील ल्युकोसिया या सायरनचे (गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या समुद्रकन्येचे) नाव त्याला मिळाले. पालिनूरोचे नाव रोमन महाकाव्याचा नायक ईनियस याच्या जहाजाचा सुकाणूधारी पालिनुरस याच्याशी जोडले जाते. तेथील भूशिराच्या कड्यांवर पिवळ्या फुलांची एक दुर्मीळ प्रिम्युला उगवते व ती राष्ट्रीय उद्यानाचे बोधचिन्ह आहे. मारीना दी कामेरोताच्या पूर्वेस काला ब्यांका आणि इन्फ्रेस्कीची खाडी आहे. तेथे गाडी जात नाही. बंदरातून नावेने किंवा भूमध्य झुडपांतून जाणाऱ्या पायवाटेनेच पोहोचावे लागते, आणि या खाड्या टिकून राहण्याचे हेच सर्वांत मोठे कारण म्हणता येईल. कोकणच्या समुद्राची सवय असलेल्या वाचकाला येथे एक फरक लगेच जाणवतो : भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी फारच थोडी असल्याने पुळणीची रुंदी दिवसभर जवळपास तेवढीच राहते. काठावर साचलेले तपकिरी पात्यांचे ढीग पाहून काहींना ती घाण वाटते. प्रत्यक्षात ती पोसिडोनिया या सागरी वनस्पतीची वाळलेली पाने असतात. तिची पाण्याखालची कुरणे माशांना आसरा देतात आणि किनाऱ्यावर साचलेली पाने वाळूची धूप रोखतात.

पेस्तुम ही ग्रीकांची पोसिडोनिया नगरी इ. स. पू. ६०० च्या सुमारास वसली. तेथील डोरिक (साध्या, भक्कम खांबांच्या ग्रीक) शैलीतील तीन मंदिरे इ. स. पू. सहाव्या व पाचव्या शतकांतील असून ग्रीसबाहेरील सर्वोत्तम अवस्थेतील मंदिरांत त्यांची गणना होते. १९६८ मध्ये सापडलेल्या एका थडग्याच्या आतील बाजूस पाण्यात सूर मारणाऱ्या तरुणाचे चित्र आहे. ते तेथील संग्रहालयात पाहता येते. वेलिया म्हणजे प्राचीन एलिया, तत्त्वज्ञ पार्मेनिडीस व झेनो यांची भूमी.

खाद्यपदार्थांत पहिला मान म्हशीच्या दुधाच्या मोत्सारेल्ला या मऊ, ताज्या चीजचा आहे. ज्या दलदलीने माणसांना डोंगरावर पिटाळले, तीच सेले नदीच्या मैदानात म्हशींना मानवली. पुढे दलदल उपसून जमीन कोरडी केल्यावरही म्हशी राहिल्या. दूध रेनेट या साकळवणाऱ्या द्रव्याने विरजवून तयार झालेला गोळा उकळत्या पाण्यात ताणत ताणत गुळगुळीत करतात आणि हाताने त्याचे तुकडे तोडतात. पेस्तुमच्या परिसरातील गोठ्यांवर सकाळी बनलेले मोत्सारेल्ला त्याच दिवशी, फ्रिजमध्ये न ठेवता खाणे, यातच त्याची खरी चव आहे. डोंगरातील गावांत गाईच्या दुधाचे मोत्सारेल्ला मर्टल या सुगंधी झुडपाच्या फांद्यांत गुंडाळून ठेवण्याची प्रथा आहे. त्यामुळे त्याला रानाचा सुगंध येतो.

मासेमारीत पिशोत्ताची ‘आलिची दी मेनाइका’ ही परंपरा विशेष आहे. आलिची म्हणजे अँकोव्ही, आपल्याकडील मांदेलीच्या कुळातला मासा. वसंतापासून ऐन उन्हाळ्यापर्यंत, समुद्र शांत असलेल्या रात्री, मेनाइका नावाचे जाळे सोडतात. त्याच्या ठरावीक आकाराच्या डोळ्यांतून लहान मासे निसटून जातात आणि मोठेच अडकतात. नावेवरच त्यांची डोकी व आतडी काढून, मिठाच्या पाण्यात धुऊन, ते मातीच्या भांड्यांत मिठाचे थर देत किमान तीन महिने मुरवतात. हे जाळे वापरणारे मच्छीमार आता मोजकेच उरले आहेत.

बाकीचा आहार शेतातून येतो. चिचेराले गावाचे लहान, सोनेरी हरभरे, कोन्त्रोनेचा पांढरा घेवडा, ऑलिव्हचे तेल आणि उन्हात वाळवलेले फिकट सालीचे पांढरे अंजीर ही येथील प्रमुख उत्पादने होत. अंजिरांत बदाम, बडीशेप किंवा लिंबाची साल भरून ती हिवाळ्यासाठी साठवतात. दोनदा भाजलेला कडक पाव पाण्यात भिजवून त्यावर टोमॅटो, ऑरिगॅनो व तेल घालून होणारे ‘आक्वासाले’ आणि रुंद पट्ट्यांच्या पास्त्यात हरभरे घालून केलेले ‘लागाने ए चेची’ हे गरिबांघरचे पदार्थ आज उपाहारगृहांत मानाने वाढले जातात. शाकाहारी प्रवाशाची येथे आबाळ होत नाही. मात्र पारंपरिक मोत्सारेल्लात वासराच्या जठरापासून मिळणारे रेनेट असते, हे ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी लक्षात ठेवावे.

याच साध्या जेवणाने अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसल कीज (१९०४–२००४) यांना प्योप्पी गावात खेचून आणले. आहार आणि हृदयविकार यांच्या संबंधाचा त्यांचा सात देशांतील अभ्यास १९५८ मध्ये सुरू झाला. त्यातील देशांच्या निवडीवर पुढे टीका झाली, तरी भूमध्य आहार ही संकल्पना जगभर पोहोचली ती प्रामुख्याने कीज आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांच्या कामामुळे. हे दांपत्य अनेक दशके प्योप्पीत राहिले. तेथे आता या आहाराचे संग्रहालय आहे. युनेस्कोने २०१० मध्ये भूमध्य आहाराला अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा इटलीच्या वतीने चिलेन्तोचे नाव पुढे होते.

नेपल्स व सालेर्नोहून दक्षिणेकडे जाणारा रेल्वेमार्ग पेस्तुम, आग्रोपोली, आशेआ, पिशोत्ता आणि साप्री येथे थांबतो. स्थानकापासून पुढच्या खाड्यांपर्यंत मात्र बसफेऱ्या कमी असल्याने भाड्याची मोटार सोयीची पडते. काही पुळणींवर छत्र्या व खुर्च्या भाड्याने देणाऱ्या ‘लीदो’ आस्थापनांच्या ओळी असतात, तर ‘स्प्याज्जा लीबेरा’ अशी पाटी असलेला भाग सर्वांना विनामूल्य खुला असतो. १५ ऑगस्टच्या इटालियन सणाच्या आगेमागे जागा मिळणे कठीण होते व भावही चढतात. सप्टेंबर हा सर्वांत चांगला महिना : पाणी अजून कोमट असते, गर्दी ओसरलेली असते आणि अंजिरे वाळत घातलेली असतात. मे महिन्यात समुद्र थंड असला तरी डोंगर फुललेले असतात, आणि मेनाइकाच्या नावा रात्री बाहेर पडू लागलेल्या असतात.