वेब ॲप्लिकेशनमधील एंड-टू-एंड एन्क्रिप्शन

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ॲप्लिकेशनमधला मजकूर पाठवणाऱ्याच्याच संगणकावर एन्क्रिप्ट करायचा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलायचा, आणि ज्याच्यासाठी तो आहे त्याच्याच संगणकावर उलगडायचा, ही पद्धत. मधल्या सर्व्हरकडे न वाचता येणारा डेटा साठतो, तो उलगडणारी किल्ली, म्हणजे एक गुप्त संख्या, मात्र तिथे जात नाही. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधली वाट सुरक्षित करणाऱ्या नुसत्या एचटीटीपीएसने हे साधत नाही. ते वाटेतली चोरी रोखते. पण सर्व्हरवर पोचलेला मजकूर उघडाच असतो आणि सर्व्हर चालवणारी कंपनी किंवा तिथे शिरलेला घुसखोर तो वाचू शकतो.

कोल्हापुरात या विषयाचा संबंध थेट धंद्याशी येतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांकडे येणारी ड्रॉइंग ही सहसा ग्राहक कंपनीची मालमत्ता असते, आणि हुपरीच्या चांदी कारागिराची खरी पुंजी त्याच्या डिझाइनमध्ये असते. समजा, शिरोलीतल्या एका फौंड्रीला जॉबचे ड्रॉइंग उद्यमनगरातल्या पॅटर्न मेकरकडे, म्हणजे ओतकामाचा नमुना बनवणाऱ्याकडे, पाठवायचे आहे. फाइल निवडली की ब्राउझर २५६ बिटांची किल्ली तयार करतो, तिने फाइल एन्क्रिप्ट करतो आणि मगच अपलोड करतो. किल्ली लिंकमध्ये # या चिन्हापुढे जोडली जाते. पत्त्याचा एवढा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, म्हणून फाइल उघडते ती पूर्ण लिंक हाती असलेल्यालाच. तीच लिंक साध्या ईमेलने धाडली तर किल्ली मेल पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मोझिलाची फायरफॉक्स सेंड ही सेवा याच रचनेची होती; घातक फाइली पसरवण्यासाठी तिचा गैरवापर होऊ लागल्यावर २०२० मध्ये ती बंद झाली.

यासाठी लागणारी गणिती साधने आता ब्राउझरमध्येच असतात. ती वापरण्याची सोय देणारे वेब क्रिप्टोग्राफी एपीआय जानेवारी २०१७ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे प्रमाणित मानक झाले. त्यातल्या एईएस-जीसीएम या एन्क्रिप्शनच्या पद्धतीमध्ये प्रत्येक एन्क्रिप्शनला, बहुधा १२ बाइटांचे, नवे आरंभमूल्य द्यावे लागते. एकाच किल्लीसोबत तेच मूल्य पुन्हा वापरले तर गुप्ततेबरोबर मजकूर अस्सल असल्याची हमीही जाते. किल्ली पासवर्डपासून बनवायची असेल तर पीबीकेडीएफ२ ही रीत वापरतात; ती पासवर्डवर तीच गणिती क्रिया पुन्हा पुन्हा करते. एसएचए-२५६ या हॅश पद्धतीसोबत निदान ६ लाख फेऱ्या कराव्यात, अशी ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस आहे. तयार किल्ली बाहेर काढता येणार नाही अशा रूपात इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात, ठेवता येते. तरी पानात शिरलेली परकी स्क्रिप्ट तिची चोरी न करताही ती वापरू शकते.

सगळ्यात नाजूक जागा मात्र वेगळीच आहे. फोनवरचे ॲप एकदा बसवले की अपडेट येईपर्यंत तेच राहते. वेब पानाचा कोड सर्व्हर केव्हाही बदलून देऊ शकतो. ज्या सर्व्हरपासून मजकूर लपवायचा, एन्क्रिप्ट करणारा कोडही त्याच्याकडूनच घ्यायचा, असा हा पेच आहे. एखाद्याच ग्राहकाला, एखाद्याच दिवशी किल्ली चोरणारा कोड दिला गेला तर कळणार कोणाला? सबरिसोर्स इंटिग्रिटी ही ब्राउझरमधली सोय बाहेरून आलेल्या स्क्रिप्टचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेली ठशासारखी संख्या, तपासते, पण तो हॅश सांगणारे पान मूळ सर्व्हरचेच असते. व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा हिने क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीच्या साहाय्याने २०२२ मध्ये आणलेले कोड व्हेरिफाय हे ब्राउझरला जोडायचे एक्स्टेन्शन व्हॉट्सॲप वेबचा कोड क्लाउडफ्लेअरकडच्या हॅशशी ताडून पाहते. साक्षीदार त्रयस्थ असावा, हे या मार्गाचे मर्म आहे आणि तो सर्वांत आश्वासक वाटतो. ही सोय नसलेल्या सेवेने ‘आम्हालाही वाचता येत नाही’ असा बिनशर्त दावा करू नये.

काही सेवांत मजकूर समोरच्याच्या सार्वजनिक किल्लीने एन्क्रिप्ट होतो; ही किल्ली कोणालाही देता येते, पण तिने मजकूर उलगडत नाही. सर्व्हर समोरच्याची म्हणून दुसरीच सार्वजनिक किल्लीही देऊ शकतो. त्यामुळे दोघांनी किल्लीची ओळखसंख्या, म्हणजे तिच्यावरून काढलेली छोटी खूण, फोनवरून किंवा भेटून ताडून घ्यावी. कोणी कोणाला केव्हा, केवढी फाइल धाडली, हे सर्व्हरला तरीही दिसतेच. मजकुरात शोध घेण्याचे कामही वापरणाऱ्याच्या संगणकावर येते.

पासवर्डपासून किल्ली बनवलेली असेल, तर पासवर्ड विसरल्यावर ‘फरगॉट पासवर्ड’ची साधी सोय डेटा परत देऊ शकत नाही. म्हणून नोंदणीच्या वेळीच रिकव्हरी की, म्हणजे पासवर्डशिवाय डेटा उघडणारी राखीव किल्ली, छापून घेऊन ती कारखान्याच्या तिजोरीत ठेवावी. संगणक सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला तरी ड्रॉइंग उघडतील.