अकरा फुटांची बोट पाण्याबाहेर येते कशी

इंटरनॅशनल मॉथ ही एकट्याने चालवायची शिडाची छोटी रेसिंग बोट. 1928 मध्ये ऑस्ट्रेलियात लेन मॉरिस यांनी स्वतःसाठी बांधलेल्या बोटीतून हा क्लास, म्हणजे एकाच नियमांत बसणाऱ्या बोटींचा गट, सुरू झाला. नियम मोजकेच, लांबी 3.355 मीटरच्या आत, रुंदी 2.25 च्या आत, शिडाच्या क्षेत्रफळाला मर्यादा आणि कमीत कमी वजनाची अटच नाही, त्यामुळे गॅरेजमध्ये बोट बांधणाऱ्या हौशी मंडळींना रान मोकळं.

पण लहान बोटीचं एक जुनं दुखणं आहे. पुढे जाताना ती स्वतःच लाट उठवते, वेग वाढेल तशी ती लाट लांब होत जाते, आणि एवढ्याशा बोटीत ताशी 8 किलोमीटरच्या आसपासच लाट बोटीएवढी लांब होते, मग मागची बाजू खड्ड्यात बसते आणि बोट आपल्याच लाटेचा चढ चढत राहते. हल, म्हणजे बोटीचं मुख्य अंग, एकदम अरुंद आणि हलका केला की हा त्रास बराच कमी होतो, फक्त मग बोट कलंडायला बघते, म्हणून दोन्ही बाजूंना फ्रेम काढून माणूस बाहेर बसतो.

याहून भारी उपाय म्हणजे हल पाण्याबाहेरच काढायचा! मधली उभी फळी आणि सुकाणू, दोन्हींच्या खाली आडवे पंख लावायचे, त्यांना फॉइल म्हणतात. पाणी हवेच्या साधारण 800 पट दाट, त्यामुळे बारकासा पंखसुद्धा माणसासकट बोट उचलतो. 2005 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप रोहन वील यांनी अशाच बोटीवर जिंकली.

खरी अडचण उचलल्यावर येते. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते, म्हणजे बोट वर वर जात फॉइल पाण्याबाहेर येणार आणि बोट धाडकन आपटणार. त्यावर उपाय काय, तर पुढच्या टोकाला लोंबणारी एक काठी, वाँड. बोट खाली असली की पाणी तिला मागे ढकलतं आणि रॉडने जोडलेला फॉइलचा फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेची हलणारी पट्टी, खाली वळून उचल वाढते, बोट वर गेली की काठी सुटते, फ्लॅप वर वळतो, उचल कमी. सेन्सर नाही, बॅटरी नाही, मला तर सगळ्या बोटीत हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

घरी करायचं तर हल जमण्यासारखा आहे. फोमवर कार्बनच्या धाग्यांचं कापड, ते चिकटवून कडक करणारं इपॉक्सी, वर प्लास्टिकची पिशवी आणि आतली हवा ओढायला जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसरही चालतो, पूर्ण व्हॅक्यूम मिळाला तर हवाच दर चौरस मीटरला 10 टनांनी दाबते. फॉइल मात्र मी विकत घेईन, तिथे आकार जरा चुकला की पाण्याचा प्रवाह पंखापासून सुटतो आणि उचलच जाते.