पार्श्वभूमी : एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव

फोनवर पत्ते दिसले की घरात पहिला प्रश्न येतो, “पैसे लावतोस काय रे?” बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात या प्रश्नामागे बराच इतिहास आहे. चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि तिथे १९९२ च्या कायदादुरुस्तीने कॅसिनोला वाट मोकळी झाली. कोल्हापूरच्या बाजूला १८८७ चा, मुंबई इलाख्यातला जुगारबंदी कायदा चालतो. १९५६ आधी बेळगावही त्याच कायद्याखाली होतं. राज्य बदललं आणि पुढे १९६३ चा पोलीस कायदा आला. दोन्ही कायद्यांनी कौशल्याचा खेळ जुगारातून वगळला, पण कौशल्य कुठे संपतं आणि नशीब कुठे सुरू होतं हा वाद मिटला नाही.

‘स्ले द स्पायर’, ‘बालाट्रो’ हे पत्त्यांनी एकट्याने खेळायचे खेळ या वादाच्या वातावरणात इथल्या मुलांच्या फोनवर आले. त्यांचं मूळ मात्र पार वेगळं आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संगणकांवर ‘रोग’ नावाचा खेळ आला. दरवेळी नवा नकाशा, आणि मेलात तर पहिल्यापासून सुरुवात. पत्त्यांची बाजू २००८ च्या ‘डोमिनियन’ या टेबलावरच्या खेळातून आली. त्यात जोड, म्हणजे आपला पत्त्यांचा संच, घरून बांधून आणायचा नसतो, खेळता खेळताच तो वाढवायचा असतो. २०१४ च्या ‘ड्रीम क्वेस्ट’ने या दोन धाग्यांची गाठ मारली, पण तो थोड्याच जणांपर्यंत पोचला.

खरी सुरुवात नोव्हेंबर २०१७ ची. ‘स्ले द स्पायर’ अर्धवट अवस्थेत विक्रीला आला, जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण झाला आणि पुढच्या दोन वर्षांत मोबाइलवर उतरला. त्यात एक योद्धा निवडून पानांच्या जोरावर शत्रूंशी लढायचं असतं. पहिल्या योद्ध्याच्या जोडात सुरुवातीला दहा साधी पानं असतात. प्रत्येक लढाईनंतर तीन पानं समोर येतात. त्यातलं एक घ्यायचं, नाहीतर सोडून द्यायचं. नवा खेळाडू प्रत्येक वेळी घेतो, मुरलेला बऱ्याचदा सोडतो, कारण जोड जाड झाला की हवं ते पान वेळेवर हाती येत नाही. शत्रू पुढच्या खेपेला काय करणार, हे त्याच्या डोक्यावर आधीच दिसतं. पानं नशिबाने येतात, पण त्यांचं काय करायचं ते डोळ्यांसमोर सगळं मांडलेलं असताना ठरवायचं असतं. त्यामुळे हरलं की आपण कुठे चुकलो ते कळतं, आणि लगेच दुसरा डाव मांडावासा वाटतो. मला तरी या खेळांची ओढ इथेच आहे असं वाटतं. समोर कोणी नसल्यामुळे विचाराला हवा तेवढा वेळ मिळतो. शिवाय नेट लागत नाही, ही गोष्ट खानापूरच्या जंगलपट्टीत राहणाऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही.

‘बालाट्रो’ २० फेब्रुवारी २०२४ ला आला. त्यात जोडी, सलग पानं, तीन पत्तीतल्या कलरसारखी एकाच रंगाची पानं, असे पोकर या पैसे लावून खेळायच्या डावातले हात, म्हणजे पानांचे संच, आहेत. बोली नाही, प्रतिस्पर्धी नाही. हातात आठ पानं, त्यातली जास्तीत जास्त पाच टाकायची. प्रत्येक जोकराचा आपला एक नियम असतो. दीडशे जोकरांपैकी जे मिळतील त्यांच्या नियमांची सांगड घालून गुण वाढवायचे. हरलात तर डाव जातो, पैसा जात नाही.

तरीही विक्री सुरू झाल्यावर काही दिवसांतच युरोपातल्या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेने तो ३ वर्षांवरून थेट १८ वर्षांवर नेला. काही देशांत तो काही काळ दुकानांतून उतरवावा लागला. संस्थेचा नियम २०२० चा होता. जुगार शिकवणारा किंवा त्याचं आकर्षण वाढवणारा खेळ सरळ १८ मध्ये टाकायचा. पोकरचे हात इथे शिकून मुलं खऱ्या टेबलावर बसतील, असा तर्क होता. त्याच वेळी खऱ्या पैशांनी बंद पाकिटं विकणारा, आत कोणता खेळाडू निघेल हे नशिबावर सोडणारा फुटबॉलचा खेळ ३ वर्षांच्या गटात होता. डिसेंबर २०२४ मध्ये ‘बालाट्रो’च्या निर्मात्याने यावर जाहीरपणे बोट ठेवलं. अपिलानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये गट १२ वर आला.

हा निर्णय आधीच यायला हवा होता. सुट्टीत मेंढीकोट शिकवणारी आजी नातवाला हुकूम आणि उतारी शिकवते. ते ज्ञान अड्ड्यावरही चालतं, पण म्हणून आजी जुगार शिकवते असं कोणी म्हणत नाही. पानांचं चित्र बघून निकाल दिला आणि पैसा कुठे जातो ते पाहिलं नाही, हीच पहिल्या निर्णयातली चूक होती.

कर्नाटकात ऑक्टोबर २०२१ मध्ये उलट झालं. तिथे पैसाच पाहिला, कौशल्य नाही. दुरुस्त कायद्याने कौशल्याच्या खेळावर पैसे लावणंही गुन्हा ठरवलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. १४ फेब्रुवारी २०२२ ला न्यायालयाने त्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने कौशल्य-नशीब हा वाद बाजूला ठेवला आणि पैसे लावून जिंकण्याची आशा आहे का, एवढंच विचारलं. एकदाच किंमत मोजून घेतलेला, पैसे न लावता एकट्याने खेळायचा खेळ त्या बंदीत येत नाही. पैशांच्या रम्मीच्या ॲपमध्ये पैसे भरायचं खातं असायचं, ‘बालाट्रो’त ते नाही. घरातल्यांनी फोन हातात घेऊन आधी एवढं बघावं.