अंड्यांवर कोण बसलंय, तो की ती?

आपल्या भाषेत घार ‘ती’ आणि ससाणा ‘तो’. हे डोक्यात घेऊन इंटरनेटवर बहिरी ससाण्याच्या घरट्याचा थेट कॅमेरा पहिल्यांदा उघडला, की अंड्यांपाशी उभ्या असलेल्या दांडग्या पक्ष्याला माणूस हमखास ‘तो’ म्हणतो आणि शेजारच्या सडपातळ, नीटस पक्ष्याला ‘ती’. मीही म्हणत होतो. दोन्ही उलटं.

मी बघायचो तो कॅमेरा कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या घंटाघरावरचा. सेदर टॉवर हे त्याचं कागदोपत्री नाव, तिथले लोक मात्र कॅम्पनिली म्हणतात. उंची 307 फूट, आत 61 घंटा. एवढ्या घणघणाटाच्या शेजारी कोणी संसार थाटेल असं वाटत नाही, पण 2016 च्या अखेरीस ससाण्यांची एक जोडी तिथे येऊन राहिली आणि 2017 मध्ये चक्क वाळूच्या पोत्यावर अंडी घातली. ससाणे काड्या गोळा करून घरटं बांधत नाहीत. कड्याच्या कपारीतल्या खडीमातीत छातीने रेटून खळगा करायचा, की झालं घरटं. त्यांच्या दृष्टीने मनोरा म्हणजे कडाच, शिवाय खाली शहरभर कबुतरं. पोत्यावरून अंडी घरंगळू नयेत म्हणून पक्षीतज्ज्ञांनी खडी भरलेला ट्रे आणून ठेवला, आणि 2019 मध्ये कॅमेरे लागले. मादीचं नाव अ‍ॅनी, नराचं ग्रिनेल. बर्कलीचं पृष्ठवंशी प्राण्यांचं शास्त्रीय संग्रहालय (म्युझियम) 1908 मध्ये उभं करणाऱ्या अ‍ॅनी अलेक्झांडर आणि त्याचे पहिले संचालक जोसेफ ग्रिनेल यांच्यावरून ही नावं दिलेली. वसंतात तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असतं. इथे संध्याकाळी साडेसातला कुकरच्या शिट्ट्या चालू असतात, तेव्हा तिथे सकाळचे सात वाजलेले असतात आणि पक्ष्यांच्या पाळ्या बदलत असतात. पुण्यात बसून बघायला याहून सोयीची वेळ नाही.

आता मूळ मुद्दा. बहिरी ससाण्यात मादी मोठी, नर लहान. फरक थोडाथोडका नाही. नर साधारण सहाशे ग्रॅमच्या आसपास, मादी नऊशेपासून किलोपर्यंत. बहुतेक शिकारी पक्ष्यांत हीच तऱ्हा आहे. ती का, यावर पक्षितज्ज्ञांचं अजून एकमत नाही. चपळ नराला चपळ पक्षी पकडता येतात, थोराड मादीला अंडी उबवणं आणि घरटं राखणं सोपं जातं, असं एक उत्तर नेहमी दिलं जातं. मोर आणि कोंबडा बघून वाढलेल्या आपल्या नजरेला हे पचायला वेळ लागतो.

ससाणे पाळून शिकार करणाऱ्या जुन्या लोकांना मात्र हा घोळ कधी पडलाच नसावा. त्यांनी नर-मादीला नावंच वेगळी दिली होती. बाज म्हणजे मादी, तिचा नर जुर्रा. शिक्रा ही मादी, नर चिपका. बहिरी ही मादी, आणि तिचा नर ‘बहिरी बच्चा’! पूर्ण वाढलेल्या बापाला बच्चा म्हणायचं, ते केवळ आकारावरून. इंग्रजांकडेही शिकाऱ्यांच्या बोलीत फाल्कन म्हणजे फक्त मादी. नर तो टिअर्सल, ‘तिसरा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, कारण तो मादीहून एक-तृतीयांशाने लहान, असं सांगतात. आणि हो, बहिरीचा बहिरेपणाशी संबंध नाही. मूळ शब्द बहरी, म्हणजे समुद्राकडचा. हिवाळ्यात हे पाहुणे उत्तरेकडून आपल्या किनाऱ्यावर आणि पाणथळींवर येतात. सह्याद्रीच्या कड्यांवर बारमाही राहून वीण करतो तो शाहीन, याच जातीतला, पण छातीपोटाला तांबूस.

आकाराचा नियम कळला की सगळं सोपं होईल असं वाटतं. होत नाही. दोघं एका चौकटीत शेजारी उभे असतील तर प्रश्नच नाही, पण असं दिवसातून काही मिनिटंच होतं. एरवी पडद्यावर एकच पक्षी असतो, आणि कॅमेऱ्याची रुंद काच जवळच्या गोष्टी फुगवून दाखवते. नर काचेपाशी आला की गरुड वाटतो, मादी पलीकडच्या कठड्यावर असली की कबूतर. त्यात थंडीत पिसं फुलवून बसलेला नर मादीएवढा दिसतो, आणि उन्हात पिसं अंगाला चिकटवून उभी असलेली मादी नरासारखी सडसडीत. रात्री इन्फ्रारेड दिव्यात तर सगळंच राखाडी. मी सुरुवातीला ट्रेची कड, नळीची जाडी असल्या खुणांशी पक्षी ताडून बघायचो. थोडा उपयोग होतो, फार नाही.

रंगावरून सांगतात ते बरोबर आहे, पण जोडी ओळखीची झाल्यावरच उपयोगी पडतं. नराची छाती बहुधा पांढरीशुभ्र, पोटावरचे आडवे पट्टे बारीक, पाठ निळसर राखाडी. मादीच्या छातीवर बदामी झाक, पट्टे ठळक, पाठ जरा मळकट. आवाजही वेगळे, तिचा जाड आणि खरखरीत, त्याचा चढा. दोघं समोरासमोर मान झुकवून एकमेकांना वाकून दाखवतात, तेव्हा आवाज चालू ठेवून ऐकावं.

पण मला विचाराल तर दिसण्यापेक्षा वागण्याकडे बघा. वागण्यातली सगळ्यात खात्रीची खूण अंडी झाकताना मिळते. बहुधा तीन किंवा चार अंडी असतात. मादी येते, पोटाखालची पिसं सैल सोडते, दोनदा डावी-उजवीकडे हलते आणि खाली बसते. अंडी गायब. नर बसतो तेव्हा तिसरं नाहीतर चौथं अंडं कुशीतून डोकावत राहतं. मग तो उठतो, चोचीने ते आत ओढतो, पुन्हा बसतो. आता दुसरीकडून एक बाहेर. लहान चादरीत डोकं झाकलं की पाय उघडे पडतात, तसंच. हे चाललेलं दिसलं की आकार, रंग काहीही न बघता मी ‘तो’ म्हणतो, आणि थोड्या वेळाने दुसरा पक्षी आला की ते बरोबर निघतं.

दुसरी खूण वेळेची. रात्रपाळी जवळजवळ नेहमी मादीची. दिवसा काही तास नर बसतो, तेवढ्यात ती खाऊन, अंग मोकळं करून येते. शिकार त्याची: अंडी घालायच्या आधीपासून ते पिल्लं बऱ्यापैकी मोठी होईपर्यंत तिला तोच आणून देतो. म्हणून घरट्याकडे सोललेलं पाखरू घेऊन कोणी आलं, तर तो नर असण्याचीच शक्यता जास्त. ते पाखरू त्याच्याकडून हिसकावून निघून जाणारी ती. पिल्लं फुटली की त्यांना बारीक घास भरवायचं कामही मुख्यतः तीच करते. त्याने भरवायला घेतलं तर ती मधे येऊन मांस काढून घेते, असंही दिसतं. उलट प्रसंगही असतो. नर एकदा अंड्यांवर बसला की उठायला तयार नसतो. ती येऊन डोक्याशी उभी राहते, ओरडते, आणि हा गृहस्थ दुसरीकडे बघत बसून राहतो. शेवटी ती अक्षरशः त्याला रेटून जागा घेते.

एक सावधगिरी. पहिली एक-दोन अंडी घातल्यावर दोघंही त्यांच्याजवळ नुसती उभी राहतात, नीट बसत नाहीत. नवा प्रेक्षक इथे कासावीस होतो. खरी उबवणी शेवटच्याच्या आधीचं अंडं आल्यावर सुरू होते, म्हणजे पिल्लं जवळपास एकाच वेळी फुटतात. तिथून साधारण तेहेतीस दिवस. या सुरुवातीच्या दिवसांत कोण बसलंय यावरून काही ओळखायला जाऊ नये, कारण कोणीच बसलेलं नसतं.

सगळ्यात पक्की खूण म्हणजे पायातली कडी, म्हणजे पक्षी ओळखता यावा म्हणून तज्ज्ञांनी घातलेली, असली तर. ग्रिनेलच्या पायात ती होती, अ‍ॅनीच्या नव्हती. उबवायला बसलेल्या पक्ष्याचे पाय दिसत नाहीत हा त्यातला विनोद, पण उठला की एका नजरेत काम होतं. 31 मार्च 2022 ला बर्कलीच्या भर वस्तीत एक मेलेला ससाणा सापडला, आणि तो ग्रिनेल आहे हे त्या कड्यांवरूनच कळलं. तेव्हा वर ट्रेमध्ये अंडी होती. एकटी मादी उबवणार कधी आणि शिकारीला जाणार कधी? घरटं संपलं असंच सगळे धरून चालले होते. पण त्याच दिवशी एक अनोळखी नर मनोऱ्यावर हजर झाला आणि पुढे दुसऱ्याच्या अंड्यांवर बसूही लागला. त्याला ऑल्डन म्हणू लागले. मे महिन्यात दोन पिल्लं फुटली. ‘अंड्यांवर तो की ती’ या आमच्या फावल्या वेळच्या खेळाला त्या दिवसांत वेगळंच वजन आलं होतं: पडद्यावर दिसणारा पक्षी ‘तो’ असेल तरच पिल्लांची आशा होती.

पिल्लांमध्ये तर हा घोळ आणखी वाढतो. पहिल्या दोन आठवड्यांत सगळे पांढरे कापसाचे गोळे. तीन आठवड्यांच्या सुमारास तज्ज्ञ वर चढतात आणि पायाच्या जाडीवरून नर-मादी ठरवतात. अमेरिकेत नराची कडी लहान मापाची, मादीची मोठ्या मापाची असते. पिसं फुटल्यावर बघणाऱ्याला एवढं सांगता येतं की अंगाने आटोपशीर पिल्लं आधी पंख मारू लागतात आणि बहुधा दोन-चार दिवस आधी उडतात. ते भाऊ. जाड पायांच्या, निवांत बहिणी मागे राहून उरलेलं खात बसतात. पहिल्या वर्षाची ही पोरं तपकिरी असतात आणि त्यांच्या छातीवर उभ्या रेघा असतात, त्यामुळे आईबापांत आणि त्यांच्यात गोंधळ होत नाही. मोठ्यांचे पट्टे आडवे.

2018 च्या पिल्लांना बर्कलीत शोधल्या गेलेल्या मूलद्रव्यांची नावं दिली होती: बर्केलियम, कॅलिफोर्नियम आणि लॉरेन्सियम. त्यातलं लॉरेन्सियम पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या अल्काट्राझ बेटावर, जुन्या तुरुंगाच्या कड्यावर घरटं करताना सापडलं. ओळखलं अर्थातच पायातल्या कडीवरून. तिथे सगळे तिला लाडाने लॅरी म्हणतात. लॅरी हे पुरुषाचं नाव, आणि ती मादी आहे.