पक्ष सोडून अपक्ष अर्ज भरताय? राजीनाम्याआधी दहा सूचक शोधा

विधानसभेची तिकिटे जाहीर झाली की विदर्भातल्या प्रत्येक तालुक्यात पंधरा-वीस वर्षे पक्षाचे काम केलेला एखादा कार्यकर्ता दुखावला जातो आणि दोन दिवसांत अपक्ष उभे राहण्याचा निर्णय घेतो. हा निर्णय वेडेपणाचा नसतो. २०१९ मध्ये विदर्भातून बडनेऱ्यात रवी राणा, चंद्रपुरात किशोर जोरगेवार, भंडाऱ्यात नरेंद्र भोंडेकर, गोंदियात विनोद अग्रवाल आणि रामटेकमध्ये आशिष जयस्वाल असे पाच अपक्ष निवडून आले होते. त्यांपैकी अग्रवाल भाजपमधून आणि जयस्वाल शिवसेनेतून बंडखोरी करून उभे होते. मात्र अनेक बंडखोर मतदानापर्यंत पोहोचतच नाहीत, कारण त्यांचा अर्ज छाननीच्या टेबलावरच बाद होतो, आणि बाद होण्याचे कारण बहुतेक वेळा इतके साधे असते की ते ऐकताना वाईट वाटते. गेल्या काही निवडणुकांत असे अर्ज भरून देण्याच्या कामात मी बसलो आहे आणि हे लेखन त्या अनुभवातूनच करीत आहे. खालील माहिती विधानसभा निवडणुकीची आहे. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तिचे नमुने व अटी वेगळ्या असतात, त्यामुळे येथील आकडे तिथे लावू नयेत. ग्रामपंचायतीची निवडणूक तर पक्षचिन्हावर होतच नाही, म्हणून तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

राजीनामा हे अर्जाचे कागदपत्र नाही

पक्ष सोडणारा माणूस पहिले दोन-तीन दिवस जिल्हाध्यक्षांच्या दारात घालवतो, कारण राजीनामा मंजूर झाल्याचे पत्र मिळाल्याशिवाय अपक्ष अर्ज घेतला जाणार नाही अशी त्याची समजूत असते. कायद्यात असे कोठेही नाही. उमेदवारी अर्जासोबत पक्षाच्या राजीनाम्याची प्रत, तो मंजूर झाल्याचे पत्र किंवा पक्षाचा ना-हरकत दाखला जोडावा लागत नाही, आणि निवडणूक निर्णय अधिकारी तो मागतही नाही. पक्षाने सहा वर्षांसाठी निलंबित केले तरी ती पक्षाची अंतर्गत शिस्त असते. तिचा उमेदवारीवर काहीही परिणाम होत नाही. अर्जातील घोषणेत आपण अपक्ष म्हणून लढत असल्याचे लिहिले की कागदावर आपण अपक्ष झालो.

ज्यांच्याकडे पक्षाच्या चिन्हावर मिळालेले पद आजही आहे, त्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. विद्यमान आमदाराला राज्यघटनेची दहावी अनुसूची लागू होते. १९८५ साली आलेल्या या अनुसूचीनुसार पक्षाचे सदस्यत्व स्वेच्छेने सोडणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. सदस्यत्व सोडल्याचे सिद्ध होण्यासाठी लेखी राजीनामाच लागतो असे नाही, वर्तनावरूनही तो निष्कर्ष काढता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये गोव्यातील प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणूनच अनेक आमदार आधी विधानसभा अध्यक्षांकडे आमदारकीचा राजीनामा देतात आणि नंतरच पक्ष सोडतात. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि नगरपरिषद सदस्यांना महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ लागू आहे आणि त्यांचे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालते. आपले सदस्यपद शिल्लक असताना अपक्ष अर्ज भरणाऱ्याने हा धोका वकिलाला विचारून, समजून-उमजून पत्करावा. तालुक्यात कोणीतरी ‘काही होत नाही’ म्हणाले, एवढ्या भरवशावर राहू नये.

दहा सूचक

सर्वाधिक अर्ज मी याच मुद्द्यावर बाद होताना पाहिले आहेत, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. सूचक म्हणजे उमेदवाराचे नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार. मान्यताप्राप्त राष्ट्रीय किंवा राज्य पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात, आणि ते दहाही जण त्याच विधानसभा मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. अर्जाच्या नमुना २-ब मध्ये पहिला भाग एका सूचकासाठी आणि दुसरा भाग दहा सूचकांसाठी असतो. तिकिटाची आशा असलेला माणूस पक्षाचा उमेदवार म्हणून पहिला भाग भरतो, एका सूचकाची सही घेतो आणि एबी फॉर्मची, म्हणजे पक्षाने अधिकृत उमेदवार ठरवल्याच्या पत्राची, वाट पाहत बसतो. शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत एबी फॉर्म दुसऱ्याच्या हातात पडतो. आता अपक्ष तर अपक्ष, असे म्हणून तो निश्चिंत होतो. पण अपक्ष म्हणून त्याच्या अर्जावर नऊ सूचक कमी आहेत, आणि तीन वाजून गेल्यानंतर ते कुठूनही आणता येत नाहीत.

आमच्या तालुक्यातील एका माजी जिल्हा परिषद सदस्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. अर्ज भरतानाच त्यांच्या सोबतच्या कार्यकर्त्याला मी दहा सह्यांचा दुसरा संच तयार ठेवायला सांगितले होते. तो म्हणाला, “आपल्याले पक्षाचं तिकीट भेटतेच भाऊ, दहा सह्या कायले पाह्यजे?” छाननीच्या दिवशी त्यांच्या अर्जाचा निकाल लागायला पाच मिनिटेही लागली नाहीत. बाहेर उभ्या असलेल्या गावकऱ्यांना काय झाले हे समजावून सांगण्यातच पुढचा अर्धा तास गेला.

उपाय सोपा आहे. एका मतदारसंघात एक उमेदवार जास्तीत जास्त चार अर्ज दाखल करू शकतो आणि चारही अर्जांसाठी अनामत रक्कम एकदाच भरावी लागते. त्यामुळे एक अर्ज पक्षाचा आणि किमान एक अर्ज दहा सूचकांसह अपक्ष म्हणून, असे दोन्ही आधीच दाखल करावेत. ज्याच्या हातात एबी फॉर्म पडला आहे त्यानेही हे करावे, कारण पक्ष दुपारी तीनपर्यंत आधीचा फॉर्म रद्द करून तो दुसऱ्या उमेदवाराला देऊ शकतो.

सूचक निवडताना तीन ठिकाणी चूक होते. पहिली चूक हद्दीची. तालुक्याची हद्द आणि विधानसभा मतदारसंघाची हद्द सगळीकडे एकच नसते. शेजारचे गाव आपल्याच तालुक्यात असले तरी दुसऱ्या मतदारसंघात असू शकते, म्हणून प्रत्येक सूचकाचे नाव चालू मतदार यादीत पाहून भाग क्रमांक व अनुक्रमांक त्याच यादीवरून उतरवावा. मतदान ओळखपत्रावरून अंदाजाने लिहू नये. क्रमांकातील किरकोळ चूक अधिकारी दुरुस्त करू देतो, पण मतदारसंघाबाहेरचा सूचक म्हणजे एक सूचक कमीच.

दुसरी चूक अंगठ्याची, आणि ती ग्रामीण भागातच होते. ज्या सूचकाला सही करता येत नाही त्याने घरी किंवा शेतात बसून उमटवलेला अंगठा चालत नाही. तो निवडणूक निर्णय अधिकारी किंवा भारत निवडणूक आयोगाने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर उमटवावा लागतो आणि त्या अधिकाऱ्याने तो साक्षांकित करावा लागतो. एका उमेदवाराच्या सूचकांमध्ये सत्तरीच्या एक आजी होत्या. कापूस वेचणीचा दिवस सोडून त्या एसटीने तहसीलला आल्या, अधिकाऱ्यासमोर अंगठा दिला आणि निळी शाई लुगड्याच्या पदराला पुसत ‘आता झालं ना बाप्पा?’ असे विचारत दाराबाहेर आल्या. झाले होते, आणि अगदी नियमाप्रमाणे झाले होते. निवडणूक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आली की सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी ऐन भरात असते. त्या दिवसांत दहा माणसे एकाच वेळी तहसीलला आणणे सोपे नाही, म्हणून शक्यतो सही करणारे सूचक घ्यावेत आणि अंगठ्याचे सूचक असतील तर त्यांना शेवटच्या दिवशी बोलावू नये.

तिसरी चूक अविश्वासू सूचकाची. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुरतमध्ये काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी सह्या आपल्या नाहीत असे सांगितले, अर्ज बाद झाला आणि तिथली जागा बिनविरोध गेली. बंडखोराच्या सूचकांवर गावातूनच दबाव येतो, हे गृहीत धरावे. म्हणून सूचकांच्या सह्या स्वतःसमोर घ्याव्यात, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दहा जणांचा आणखी एक संच भरावा.

शपथपत्रातील रिकामे रकाने आणि कोणाकडेच नसलेला दाखला

नमुना २६ मधील शपथपत्र नोटरी किंवा प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यासमोर करून अर्जासोबत किंवा उशिरात उशिरा शेवटच्या दिवशी तीनच्या आत द्यावे लागते. त्यातील एकही रकाना रिकामा ठेवू नये. देण्यासारखी माहितीच नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे अक्षरात लिहावे, नुसती आडवी रेघ ओढू नये. रिकामे रकाने भरण्याची सूचना देऊनही ते भरले नाहीत तर अर्ज फेटाळता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे. शेतीची माहिती स्वतःच्या, पती किंवा पत्नीच्या आणि अवलंबितांच्या नावाने वेगवेगळी द्यायची असते. त्यासाठी ताजा सातबारा काढावा. वडील वारले आणि फेरफार अजून झाला नाही, अशी जमीन आपल्याकडे घरोघरी असते. तिची नोंद काय आणि आपला हिस्सा किती, हे तलाठ्याकडून आधी समजून घ्यावे.

प्रलंबित गुन्ह्यांचा रकाना कार्यकर्त्यांना फार नडतो. कापसाच्या किंवा सोयाबीनच्या भावासाठी कधीकाळी रास्ता रोको केलेला असतो, गुन्हा दाखल झालेला असतो आणि त्याला स्वतःलाच त्याचा पत्ता नसतो. संबंधित सर्व पोलीस ठाण्यांतून आपल्या नावावरील नोंदींची माहिती लेखी मागावी. माहिती दडवल्यास सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे, शिवाय विरोधक नेमके तेच शोधत असतात. गुन्हे असल्यास त्यांची जाहिरात वृत्तपत्रात आणि दूरचित्रवाणीवर तीनदा द्यावी लागते आणि अपक्षाला तो खर्च स्वतःच करावा लागतो.

कोणाकडेच नसलेला कागद म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला. गेल्या दहा वर्षांत शासकीय निवासस्थान वापरले असेल, तर त्याचे भाडे, वीज, पाणी आणि दूरध्वनी यांची थकबाकी नसल्याचे दाखले लागतात. आमदार निवासात खोली असलेल्या माजी आमदारांना आणि शासकीय बंगल्यात राहिलेल्या माजी पदाधिकाऱ्यांना हे अर्जाच्या दोन दिवस आधी कळते, आणि ते दाखले देणाऱ्या कचेऱ्यांना निवडणुकीची घाई नसते. एका सहीसाठी माणसाला चार टेबले फिरवणे हा अन्याय आहे, पण तारीख त्यासाठी थांबत नाही. उभे राहण्याचा विचार मनात आला त्या आठवड्यातच हा अर्ज करावा.

कंत्राटदार उमेदवारांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. राज्य शासनाशी स्वतः केलेले माल पुरवठ्याचे किंवा कामाचे कंत्राट चालू असेल तर अपात्रता येते. काम पूर्ण झाले असून फक्त शासनाकडून बिल यायचे असेल, तर त्या कारणाने कंत्राट चालू मानले जात नाही. काम पूर्ण झाल्याचा दाखला मात्र हाताशी असू द्यावा.

तारखा आणि पैसे

अर्ज उमेदवाराने स्वतः किंवा त्याच्या सूचकानेच सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेत द्यायचा असतो. कार्यकर्त्याच्या हातून पाठवलेला अर्ज घेतला जात नाही. निवडणूक खर्चासाठीचे वेगळे बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेले असावे लागते. २०२४ मध्ये अर्जाची मुदत २२ ते २९ ऑक्टोबर होती, पण २६ तारखेचा चौथा शनिवार आणि २७ चा रविवार हे दोन्ही दिवस बँका बंद होत्या. सात-आठ दिवस आहेत असे समजून बसलेल्यांच्या हातात प्रत्यक्षात फार थोडे दिवस उरले होते.

उमेदवाराची शपथ ही सर्वांत जास्त चुकीची वाचली जाणारी मुदत आहे. ती अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या दिवसाआधी घ्यावी लागते. छाननीच्या सकाळी घेतलेली शपथ चालत नाही. २०२४ मध्ये छाननी ३० ऑक्टोबरला होती, म्हणजे २९ ला अर्ज भरणाऱ्याला शपथही २९ लाच घेणे भाग होते. अर्ज दिल्याबरोबर तिथेच शपथ घ्यावी आणि तिचा दाखला घेऊनच खोलीबाहेर पडावे.

अनामत रक्कम १०,००० रुपये असून अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,००० रुपये आहे. ही सवलत खुल्या मतदारसंघातही मिळते, पण जातीचा दाखला जोडावा लागतो. रक्कम रोख किंवा चलनाने भरावी. धनादेश चालत नाही. आपले नाव दुसऱ्या मतदारसंघाच्या यादीत असेल तर त्या यादीची प्रमाणित प्रत जोडावी. चिन्हासाठी मुक्त चिन्हांच्या यादीतून पसंतीक्रमाने तीन नावे द्यावीत. त्याच चिन्हावर नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराने दावा केला तर ते त्याला आधी मिळते, म्हणून तिन्ही पसंती विचारपूर्वक लिहाव्यात.

छाननी झाल्यावर माघारीपर्यंतचे दिवस बंडखोरासाठी सर्वांत कठीण असतात. घरी नेते येतात, नातेवाईक येतात, महामंडळाचे आश्वासन दिले जाते. माघारीच्या नमुन्यावर सही करून तो एकदा दाखल झाला की परत घेता येत नाही, हे त्या वेळी कोणी सांगत नाही. आपली सही असलेला माघारीचा कागद ‘नुसता ठेवून घ्या’ म्हणून कोणाच्याही हाती देऊ नये. सूचकाला किंवा निवडणूक प्रतिनिधीला लेखी अधिकार दिलेला असेल तर तोही ही माघार दाखल करू शकतो.

प्रचारात एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नये, आणि निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावा. हरलेला अपक्ष कापूस-तुरीच्या कामाला लागतो आणि हे विसरतो. हिशोब न दिल्यास आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, म्हणून पावत्यांची पिशवी घरात वेगळी ठेवावी आणि हिशोब दिल्याची पोच घ्यावी.